पायाची जखम घरी आल्यानंतर

मधुमेही माणसाच्या पायावर शस्त्रक्रिया होते. पू काढला जातो, सडलेलं मांस कापलं जातं, कधी एखादं बोट जातं. काही दिवसांनी घरी सोडतात तेव्हा घरच्यांच्या हातात एक पिशवी असते. त्यात गॉजची पाकिटं, रोलर बँडेज, सलाईनच्या बाटल्या, चिकटपट्टी आणि औषधांची चिठ्ठी. ‘दिवसाआड ड्रेसिंग करा, आठवड्याने दाखवा’ एवढ्या सूचनेवर माणूस घरी येतो. घरी पहिल्यांदा पट्टी सुटते आणि सगळ्यांच्या पोटात गोळा येतो. टाके कुठेच नाहीत, पायाला चांगला खोल खड्डा आहे. त्या दिवसापासून घरात एकच प्रश्न फिरत राहतो, यावर सगळ्यात चांगलं ड्रेसिंग कोणतं?

केमिस्ट एक सांगतो, शेजारी दुसरं, मोबाईल तिसरंच. साध्या गॉजपासून काही हजार रुपयांच्या शीटपर्यंत सगळं विकत मिळतं, आणि आधीच हॉस्पिटलच्या बिलाने वाकलेलं घर आणखी खर्चात पडतं. माझं म्हणणं असं, की हा प्रश्न थोडा बदलून विचारावा. आज ही जखम कशी आहे? ओली की कोरडी, खोल की उथळ, स्वच्छ की पिवळट? ड्रेसिंग त्यावरून ठरतं, आणि जखम बदलली की तेही बदलतं. पहिल्या आठवड्यात जे योग्य होतं ते पाचव्या आठवड्यात नुकसान करू शकतं. शिवाय जखम भरून येण्याचं बरंचसं काम पट्टीच्या बाहेर चालतं. ते झालं नाही तर महागातलं महाग ड्रेसिंगही फक्त झाकण ठरतं.

टाके का घातले नाहीत

पायात जंतुसंसर्ग असताना कातडी शिवून टाकली तर उरलेला पू आत कोंडतो आणि तळव्यातल्या स्नायूंच्या वाटेने घोट्याकडे, पोटरीकडे चढत जातो. म्हणून सर्जन जखम मुद्दाम उघडी ठेवतात. ती तळापासून वर भरत येते. रक्तपुरवठा बरा असेल तर काही दिवसांत तळाशी डाळिंबाच्या दाण्यांसारखं लाल, दाणेदार मांस दिसू लागतं. त्याला मांसांकुर म्हणतात. ते दिसलं की घाबरू नका, त्याचीच वाट पाहायची असते. ड्रेसिंग करताना त्यातून थोडं रक्त पाझरलं तरी ते जिवंतपणाचं लक्षण आहे. पुढे कडेने फिकट गुलाबी पातळ कातडी आत सरकू लागते. जखम फार मोठी असेल तर तळ पूर्ण लाल झाल्यावर मांडीची पातळ कातडी काढून तिथे लावतात.

हॉस्पिटलमधलं पहिलं ड्रेसिंग घट्ट दाबून भरलेलं असतं, कारण त्या वेळी रक्तस्राव थांबवायचा असतो. घरी तसं करू नका. खड्ड्यात गॉज ठासून भरला की तळाच्या बारीक रक्तवाहिन्या दाबल्या जातात आणि आतला स्राव बाहेर यायला वाट उरत नाही.

सुकवायची की ओलसर ठेवायची

‘जखमेला वारा लागू द्या, सुकू द्या’ ही आपल्याकडची पक्की समजूत. रात्री पट्टी सोडून पाय उघडा ठेवणारी कितीतरी घरं आहेत. १९६२ साली जॉर्ज विंटर या संशोधकाने ‘नेचर’ या नियतकालिकात एक प्रयोग मांडला. त्याने डुकरांच्या पाठीवरच्या उथळ जखमांपैकी काही पातळ प्लॅस्टिकच्या पापुद्र्याखाली झाकल्या आणि काही उघड्या ठेवल्या. झाकलेल्या ओलसर जखमांवर नवी कातडी जवळपास दुप्पट वेगाने आली. कारण सरळ आहे. नव्या कातडीच्या पेशी कडेकडून पुढे सरकतात आणि त्यांना सरकायला ओलसर पृष्ठभाग लागतो. वर कडक खपली धरली की त्यांना तिच्याखालून खोल जागेतून वाट काढावी लागते. आजची बहुतेक सगळी नवी ड्रेसिंग्ज या एका निरीक्षणातून निघाली आहेत.

ओलसर म्हणजे चिंब मात्र नव्हे. जखमेच्या कडेची कातडी पांढरी, सुरकुतलेली, मऊ पडलेली दिसली तर ओल जास्त होते आहे. मग स्राव जास्त शोषणारं ड्रेसिंग लावायचं किंवा ते लवकर बदलायचं. बोटांच्या बेचक्यांत तर ओल राहताच कामा नये, तिथे पाणी टिपून घेऊन सुक्या गॉजची घडी ठेवावी.

याला एक मोठा अपवाद आहे. रक्तपुरवठा तुटल्यामुळे काळं पडून वाळलेलं बोट किंवा टाचेवरची घट्ट, कोरडी, काळी खपली असेल तर ती कोरडीच ठेवतात. ती भिजवून मऊ करण्याच्या फंदात पडलं की कोरडं गँगरीन ओलं होतं, आणि ओलं गँगरीन जिवावर बेतू शकतं. अशा पायाला जेल, मलम, तेल काहीही लावू नका. आधी रक्तवाहिन्यांची तपासणी, मग पुढचं.

कोणत्या जखमेला काय

सलाईनमध्ये भिजवून पिळलेला गॉज हे सगळ्यात जुनं, स्वस्त आणि अजूनही उपयोगी ड्रेसिंग आहे. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या दिवसांत, जखम रोज पाहावी लागते तेव्हा, ते बरं. त्याचा दोष असा की ते वाळतं आणि चिकटतं. मग ओढून काढताना नवं मांस सोलून निघतं. इतरांच्या बाबतीत रुग्ण ओरडतो म्हणून लक्षात येतं, मधुमेही पाय बधिर असल्याने तो ओरडत नाही आणि रोज थोडं थोडं नुकसान होत राहतं. म्हणून ते सुकायच्या आत बदलावं, आणि चिकटलंच तर त्यावर सलाईन ओतून पाच-दहा मिनिटं थांबावं. जखम लाल होऊ लागली की गॉजखाली पॅराफिन लावलेली जाळी ठेवतात, मग चिकटण्याचा प्रश्न बराच कमी होतो. नव्याने लावलेल्या कातडीवरही बहुधा अशीच जाळी असते.

जखमेतून लस खूप गळत असेल, पट्टी काही तासांत भिजत असेल, तर अल्जिनेटचा उपयोग होतो. हे समुद्री शेवाळापासून काढलेलं तंतुमय ड्रेसिंग. ते स्राव शोषून स्वतःच जेलीसारखं होतं आणि खड्ड्यात सैलसर ठेवता येतं. एक गोष्ट आधीच सांगून ठेवायला हवी. अल्जिनेट काढताना ती पिवळट जेली आणि तिचा वास पाहून पुष्कळ जण पू झाला असं समजून घाबरतात. सलाईनने धुऊन घ्या आणि मग बघा. धुतल्यावर खालचा तळ लाल आणि वास गेलेला असेल तर तो पू नव्हता. कोरड्या जखमेवर अल्जिनेट लावू नये, ते तिथली उरलीसुरली ओल ओढून घेतं.

फोमचं ड्रेसिंग उथळ, बेताची लस असलेल्या जखमेवर चांगलं. ते तीन दिवसांपासून आठवडाभरही राहू शकतं, पण वरून दिसणारा डाग कडेजवळ पोचला की दिवस न मोजता बदलायचं. फोम मऊ असतो म्हणून पायावरचा भार तो घेईल असं समजू नका. चपलेत जाड फोम कोंबला तर उलट जखमेवर दाब वाढतो.

हायड्रोजेल कोरड्या जखमेला ओल देतं आणि चिकटून बसलेला पिवळा थर सैल करतं. ते आधीच ओल्या जखमेवर किंवा रक्तपुरवठा तपासलेला नसताना वापरू नये. हायड्रोकोलॉइडची चिकट पट्टी जखम काही दिवस बंद करून टाकते. संसर्ग असलेल्या पायावर ती लावू नये, आणि बधिर पायावर एरवीही जपूनच, कारण आत काय चाललंय ते कळत नाही आणि रुग्णाला दुखतही नाही.

चांदी आणि आयोडीन असलेल्या ड्रेसिंगबद्दल स्पष्ट बोलायला हवं, कारण घराघरांत तीच सर्वोत्तम मानली जातात. इंटरनॅशनल वर्किंग ग्रुप ऑन द डायबेटिक फूट या जागतिक तज्ज्ञगटाने २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांत सांगितलं आहे, की केवळ जखम भरून यावी म्हणून जंतुनाशक ड्रेसिंग वापरू नये. मध, कोलॅजेन आणि अल्जिनेट यांच्याबद्दलही तेच. अल्जिनेट लस शोषायला आहे, जखम भरायचा वेग वाढवायला नाही. काही वेळा सर्जन ठरावीक कारणासाठी चांदीचं ड्रेसिंग लावतात. मग ते कशासाठी आणि किती दिवस हे विचारून घ्या. आयोडीनच्या ड्रेसिंगआधी थायरॉइडचा किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा. आणि आत पसरलेला संसर्ग वरच्या चांदीने जात नाही. त्याला पोटातून किंवा शिरेतून अँटिबायोटिक लागतं, कधी पुन्हा शस्त्रक्रिया.

ब्रिटनमधला एक अभ्यास इथे ध्यानात ठेवण्यासारखा आहे. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात मधुमेही पायाच्या जखमा असलेल्या ३१७ रुग्णांना साधी न चिकटणारी जाळी, आयोडीन लावलेली जाळी आणि महागडं शोषक हायड्रोफायबर ड्रेसिंग अशा तीन गटांत वाटून २४ आठवडे पाहिलं गेलं. जखमा भरण्यात सांगण्यासारखा फरक पडला नाही. ज्यांना खर्च परवडत नाही त्यांनी स्वतःला दोष देत बसू नये, एवढ्यासाठी हे सांगतो आहे. साधी जाळी आणि स्वच्छ गॉज यांनी तुम्ही आईवर किंवा बाबांवर अन्याय करत नाही.

काही थोड्या गोष्टींना मात्र खरा आधार आहे. सुक्रोज ऑक्टासल्फेट असलेल्या ड्रेसिंगचा युरोपातला अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात संसर्ग नसलेल्या, पण नसा आणि रक्तपुरवठा दोन्ही कमजोर असलेल्या पायांच्या जखमा २० आठवड्यांत ४८ टक्के भरल्या. साध्या ड्रेसिंगच्या गटात हेच प्रमाण ३० टक्के होतं. दुसरी गोष्ट म्हणजे ‘व्हॅक’. जखमेत फोम बसवून, वरून प्लॅस्टिकने बंद करून, नळीने हवा आणि स्राव खेचून घेणारं यंत्र. २००५ साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या अमेरिकी अभ्यासात पायाचा काही भाग काढलेल्या १६२ रुग्णांपैकी व्हॅक लावलेल्यांच्या ५६ टक्के जखमा १६ आठवड्यांत भरल्या, बाकीच्यांच्या ३९ टक्के. म्हणून शस्त्रक्रियेनंतरच्या खोल, मोठ्या जखमेला सर्जनने व्हॅक सुचवला तर तो खर्च विचार करण्यासारखा आहे. शस्त्रक्रिया न झालेल्या साध्या व्रणाला तो लावू नये असं वर सांगितलेल्या २०२३ च्या मार्गदर्शक सूचनाच सांगतात. मेलेलं मांस शिल्लक असेल, हाडाच्या संसर्गावर उपचार झाला नसेल किंवा रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील तर आधी त्याबद्दल बोलून घ्यावं. घरी व्हॅक असताना नळीत ताजं लाल रक्त दिसलं तर यंत्र बंद करायचं, जखमेवर स्वच्छ गॉजने दाब धरायचा आणि ताबडतोब हॉस्पिटल गाठायचं. यंत्र दोन तासांहून जास्त बंद पडून राहिलं तर आतला फोम तसाच ठेवू नये.

जाता जाता, कातडी लावली असेल तर मांडीवरही एक जखम असते आणि तीच जास्त दुखते, कारण तिथल्या नसा शाबूत असतात. मुंबईच्या शीव इथल्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. माधुरी गोरे यांनी अशा मांडीच्या जखमांवर आणि भाजलेल्या जखमांवर निर्जंतुक केलेल्या केळीच्या पानाचं ड्रेसिंग वापरून पाहिलं, ते न चिकटता सुटतं आणि स्वस्त पडतं. स्वस्त गोष्टीवर असं नीट काम आपल्या शहरात झालं याचं मला फार अप्रूप वाटतं. पण ती पानं हॉस्पिटलात विशिष्ट पद्धतीने तयार केलेली होती. परसातलं पान तोडून पायाच्या व्रणावर बांधायला हा आधार नाही.

घरचे उपाय

हळद, दगडीचा पाला, तूप, मध, कॉफी पावडर, नारळाच्या शेंडीची राख, जंतुनाशक पावडर. यातलं काहीतरी बहुतेक पायांवर कधी ना कधी पडलेलं असतं, आणि ते मायेने घातलेलं असतं. तरी नको. पावडर आणि राख लशीत मिसळून कडक पापुद्रा धरतात, खाली पू साठतो. पाल्याबरोबर माती येते आणि मातीबरोबर जंतू. हळदीने सगळी जखम पिवळी होते, मग सडलेल्या मांसाचा पिवळा थर कुठला आणि हळद कुठली हे सर्जनलाही कळत नाही. फेस येणारं हायड्रोजन पेरॉक्साइड, स्पिरिट, डेटॉल, सॅव्हलॉन हेही उघड्या जखमेत ओतू नका. ते जंतूंबरोबर नव्या मांसाच्या पेशीही मारतात. फेस आला म्हणजे घाण निघाली असं नसतं. धुवायला सलाईन पुरतं.

आणि काही झालं तरी पाय गरम पाण्यात बुडवू नका, शेकू नका. बधिर पायाला पाणी किती कढत आहे ते समजत नाही. जखम भरायला घेतलेल्या पाण्याने दुसरी जखम होते.

प्रत्यक्ष ड्रेसिंग करताना

शक्यतो एकाच माणसाने करावं. रोज वेगळे डोळे पाहत असतील तर बदल लक्षात येत नाही. खोली आधीच झाडून घ्या, ड्रेसिंगच्या वेळी पंखा बंद, खिडकीतून चांगला उजेड. सगळं सामान आधी काढून, पाकिटं फोडून ठेवा, म्हणजे मध्येच कपाट उघडायला लागत नाही. हात साबणाने धुवा, हातमोजे घाला. जुनी पट्टी काढून झाली की हातमोजे बदला किंवा हात पुन्हा धुवा. ही पायरी गाळली जाते, आणि जुन्या पट्टीवरचे जंतू नव्या गॉजवर जातात.

सलाईनच्या लहान बाटल्या घ्या. मोठी बाटली फोडून आठवडाभर वापरणं म्हणजे तिच्यात जंतू वाढवणं आहे. जखमेवर सलाईन सोडून धुवा, मग भोवतालची कातडी टिपून कोरडी करा. खड्डा असेल तर गॉज सैलसर ठेवा आणि आत किती तुकडे घातले ते वरच्या चिकटपट्टीवर तारखेसह लिहा. पुढच्या वेळी तेवढेच बाहेर आले पाहिजेत. आत विसरलेल्या गॉजच्या तुकड्यामुळे जखम महिनोन्महिने न भरल्याची उदाहरणं दवाखान्यात दिसतात, आणि हा साधा आकडा ते टाळतो.

चिकटपट्टी बोटाभोवती किंवा पायाभोवती गोल गुंडाळू नका. सूज आली की तिचा फास होतो. बँडेज बोटांकडून घोट्याकडे, सुरकुती न पडता बांधा आणि बोटांची टोकं उघडी ठेवा. अर्ध्या तासाने ती पुन्हा बघा. निळसर किंवा थंड वाटली तर पट्टी सोडून सैल बांधा. ‘घट्ट वाटतंय’ असं रुग्ण सांगेल याची वाट पाहू नका. आंघोळीला पाय प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून स्टुलावर बसवा, पट्टी भिजलीच तर लगेच बदला. काढलेली पट्टी कागदात गुंडाळून वेगळी टाका. आणि जखम कधीही उघडी सोडू नका. माश्या बसून अळ्या पडतात. गावाकडे झोपेत उंदरांनी बधिर बोटं कुरतडल्याचेही प्रकार होतात. अशा घरात रात्री मच्छरदाणी गादीखाली नीट खोचून झोपावं.

पट्टीच्या बाहेरचं काम

तळव्याची जखम न भरण्याचं सगळ्यात मोठं कारण म्हणजे तिच्यावर उभं राहणं. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात कुष्ठरुग्णांवर काम करणारे डॉ. पॉल ब्रँड यांनी हे जगाला पटवलं. कुष्ठरुग्णांच्या बधिर पायांवरची वर्षानुवर्षांची जखम पाय प्लास्टरमध्ये घातला की भरून यायची, कारण दाब सगळ्या पायावर वाटला जायचा. पुढे १९६० च्या दशकात अमेरिकेतल्या कारव्हिल इथे गेल्यावर त्यांनी मधुमेही पायांसाठीही तीच रीत धरली. तळव्याच्या पुढच्या आणि मधल्या भागातल्या जखमांसाठी गुडघ्यापर्यंतचं, रुग्णाला काढता न येणारं प्लास्टर किंवा बूट हाच आजही पहिला पर्याय मानला जातो. मात्र संसर्ग किंवा रक्तपुरवठ्याची अडचण असेल तेव्हा सर्जन वेगळं ठरवतात. काढता येणारा बूट दिला तर तो काढला जातो, हीच अडचण. २००३ सालच्या एका लहानशा अमेरिकी अभ्यासात रुग्णांनी दिवसभरात टाकलेल्या पावलांपैकी जेमतेम २८ टक्के पावलं असा बूट घालून टाकलेली निघाली.

आपल्या घरांत पावलं कुठे पडतात ते पाहा. पहाटे अनवाणी बाथरूमपर्यंत, देवापुढे, ओट्यापाशी, दारावरची बेल वाजली म्हणून. भारतीय पद्धतीच्या संडासात उकिडवं बसताना सगळा भार चवड्यावर येतो. म्हणून कमोडची खुर्ची पलंगाशेजारी ठेवा, वॉकर हाताशी ठेवा, आणि जेवण-पूजा काही आठवडे जागेवर होऊ द्या. घरातली बाई आजारी असेल तर हे सगळ्यात अवघड जातं. ती ‘दोन भाकऱ्या टाकते’ म्हणत उभी राहते. तिचं काम दुसऱ्याने उचलणं हा जखमेवरचा उपचारच आहे, हे मला अगदी ठासून सांगायचं आहे.

रक्तपुरवठ्याची तपासणी शस्त्रक्रियेआधी झाली नसेल तर ती मागा. घोट्याजवळची नाडी हाताला लागते का, डॉप्लरवर काय दिसतं हे विचारा. मधुमेहात रक्तवाहिन्या कडक होतात, त्यामुळे घोट्यावरचा रक्तदाब खोटा चांगला येऊ शकतो, अशा वेळी पायाच्या बोटावरचा दाब जास्त विश्वासाचा. रक्त पोचत नसेल तर आधी रक्तवाहिनी उघडावी लागते. बिडी-सिगारेट पूर्ण बंद. तंबाखू आणि मशेरीही बंद, ती रक्तवाहिन्या आकसवतात. साखर नियंत्रणासाठी या काळात इन्सुलिन सुरू केलं तर कुरकुर करू नका.

आंबट खाल्ल्याने जखम चिघळते, डाळीने पू होतो, अंडं उष्ण पडतं, असं म्हणत नेमकी प्रथिनंच बंद केली जातात. मांस भरून यायला तीच लागतात. डाळ, उसळ, दही, पनीर, चालत असेल तर अंडी-मासे रोज ताटात असू द्या. मूत्रपिंडाचा आजार असेल तेवढ्यांनी प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवावं.

मोजा, आणि वेळेवर धावा

आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, जखमेशेजारी मोजपट्टी धरून मोबाईलवर फोटो काढा आणि लांबी-रुंदी वहीत लिहा. सुरुवात शस्त्रक्रियेनंतरच्या मापापासून करा, कारण शस्त्रक्रियेत जखम मोठी होतेच. लांबी सहा आणि रुंदी चार सेंटिमीटर असेल तर गुणाकार चोवीस. चार आठवड्यांनी तो बाराच्या आत यायला हवा. निम्मीही घट झाली नसेल तर जखम पुढे वेळेत भरण्याची शक्यता बरीच कमी असते, हे २००३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं आहे. अशा वेळी ‘आणखी थोडं बघू’ म्हणू नका आणि दुकानात जाऊन नवं ड्रेसिंगही आणू नका. वही घेऊन सर्जनकडे जा आणि दाब, रक्तपुरवठा, हाडातला संसर्ग, साखर या चारही गोष्टी पुन्हा तपासायला सांगा.

काही गोष्टींसाठी मात्र पुढच्या तारखेची वाट पाहायची नाही. जखमेभोवतालची लाली वाढून दोन सेंटिमीटरच्या पुढे गेली, घाण वास आला, कडा किंवा एखादं बोट काळं पडू लागलं, तळाशी हाड दिसलं किंवा टणक लागलं, पायावर दाबल्यावर कातडीखाली करकर जाणवली, ताप-थंडी आली, तर त्याच दिवशी हॉस्पिटल. ताप नाही म्हणून निर्धास्त राहू नका. मधुमेहात गंभीर संसर्ग असूनही ताप येत नाही असं होतं. काहीही वेगळं न खाता साखर अचानक वर चढली किंवा ज्या पायाला आजवर दुखत नव्हतं तो दुखू लागला, तर आत काहीतरी घडतं आहे असंच समजा. जखम चांगली दिसत असताना सगळा पाय लाल, गरम आणि सुजलेला झाला तर पायाची हाडं खचत असण्याची शक्यता असते, तेव्हाही पाय टेकवू नका आणि दाखवा. रोज दुसऱ्या पायाचा तळवाही पाहायचा, कारण सगळा भार आता तो घेतो आहे.

जखम बंद झाल्यावरही काम राहतं. असा व्रण भरलेल्या रुग्णांपैकी साधारण ४० टक्क्यांना वर्षाच्या आत पुन्हा व्रण होतो. नवी कातडी पातळ असते आणि खालची गादी गेलेली असते. मऊ एमसीआर (सूक्ष्म छिद्रांचं रबर) तळव्याच्या, मागे पट्टा असलेल्या चपला मापाने करून घ्या, बोट गेलं असेल तर त्या जागी आधार भरून घ्या. चालायला सुरुवात दिवसाला दहा-पंधरा मिनिटांनी करा, परत आल्यावर तळवा बघा. लाली अर्ध्या तासाने गेली नसेल तर दुसऱ्या दिवशी चालणं कमी करा. घट्टे ब्लेडने घरी कापू नका, कुरुपाच्या औषधी पट्ट्या लावू नका. देवळात तापलेल्या फरशीवर नुसते मोजे घालूनही चालू नका, लांबून नमस्कार करा. अनवाणी प्रदक्षिणा, अनवाणी वारी या पायांसाठी नाही. पहिले काही महिने दर महिन्याला, नंतर सर्जन सांगतील तेव्हा पाय दाखवत जा, आणि तपासणीला जाताना चपलाही सोबत न्या, कारण त्यांच्या आतल्या बाजूला पडलेले खळगे पाहून पुढचा दाब कुठे येणार आहे ते आधी कळतं.